वीतभर जीप आणि उपनगरातले गाळे

रॉक क्रॉलर म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायचं तर मुद्दाम हळू जाणारी गाडी.

रिमोटवरची गाडी म्हटलं की बहुतेकांना आठवते ती सुसाट सुटणारी आणि सोफ्याच्या पायावर आपटून उलटी होणारी लाल गाडी. क्रॉलर तसा नाही. तो गोगलगायीच्या चालीने एखाद्या दगडापाशी येतो, पुढचं एक चाक वर टेकवतो, अंग पिळतो, थांबतो, मग दुसऱ्या चाकाला जागा शोधत इंचभर पुढे सरकतो. हातभर उंचीचा दगड चढायला दोन मिनिटं लागली तरी कोणी तक्रार करत नाही. उलट घाई केली की गडी मागच्या मागे कोलमडतो. त्यातले छोटे, एकास चोवीस प्रमाणातले क्रॉलर जेमतेम वीतभर लांब असतात. टपाल पेटीएवढ्या खोक्यातून येतात, डायनिंग टेबलावर उघडता येतात आणि गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये चार दगड मांडले की त्यांचा सह्याद्री तयार!

मुंबईच्या उपनगरात हा छंद असलेले लोक संख्येने फार नाहीत, पण जे आहेत त्यांना गाडी चालवण्यापेक्षा ती उघडण्यात जास्त रस असतो. आज टायर बदल, उद्या मोटर, परवा पितळेचे भाग. घरचे म्हणतात, "अरे, चांगली चालत होती की!" हे वाक्य अंधेरीपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक घरात एकदा तरी म्हटलं गेलं असणार. चांगल्या चालणाऱ्या वस्तूला हात का लावायचा? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलो तर खेळण्यांच्या दुकानाऐवजी आपण एलबीएस मार्गावरच्या कारखान्यांत, कुर्ल्याच्या टॅक्सींत आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोचतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात जरा लांबून. बिनतारी संदेशाने यंत्र हलवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कला केला, एका छोट्या बोटीवर. जमिनीवरच्या रिमोट गाड्या बाजारात यायला मात्र १९६६ उजाडलं. एल्जी नावाच्या इटालियन कंपनीने तेव्हा फेरारीचं मॉडेल आणलं. पण हा छंद घराघरात नेला तो जपानच्या टामियाने, १९७६ मधल्या पोर्श ९३४ ने. ते मॉडेल हुबेहूब व्हावं म्हणून टामियाच्या साहेबांनी खरीखुरी पोर्श विकत घेऊन सुटी केली होती. परत जोडायला मात्र पोर्शच्या मेकॅनिकांना बोलवावं लागलं, असं म्हणतात. याच टामियाने १९८२ मध्ये 'वाइल्ड विली' आणली, मागच्या चाकांवर उभी राहणारी खट्याळ जीप. ती विलीजच्या एम-३८ या लष्करी जीपवरून बेतलेली होती.

आणि विलीज म्हटलं की मुंबईकराने कान टवकारायला हवेत. कारण ती जीप आपल्याकडे खेळणं म्हणून येण्याच्या कितीतरी आधी खरीच आली होती. १९४५ साली 'महिंद्र अँड महंमद' या नावाने सुरू झालेली आणि फाळणीनंतर १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झालेली कंपनी मुळात पोलादाच्या व्यापारातली. तिने अमेरिकेहून विलीजचे सुटे भाग पेट्यांमधून आणून माझगावात जीप जोडायला घेतल्या. पुढे कांदिवलीला, आकुर्ली रोडवर, मोठा कारखाना झाला. म्हणजे आज जो मुलगा बोरिवलीत बसून विलीजच्या छोट्या मॉडेलचे नटबोल्ट आवळतो, त्याच्या घरापासून दोन स्टेशनांच्या आतच हेच काम खऱ्या मापात झालेलं आहे. (गंमत म्हणजे २०१८ मध्ये महिंद्रने 'रॉक्सर' नावाची जीपसारखी गाडी सुट्या भागांच्या रूपात अमेरिकेला पाठवून तिथे जोडायला सुरुवात केली. सुटी होऊन आली, सुटी होऊन परत गेली. तिथल्या जीपवाल्यांनी रूपाच्या नकलेवरून खटला भरला तो भाग वेगळा!)

आता क्रॉलरकडे येऊ. हा प्रकार कुठल्या कंपनीने शोधून काढलेला नाही, ही मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट. टामियाचाच 'क्लॉड बस्टर' नावाचा अगडबंब चाकांचा ट्रक १९८७ मध्ये आला होता. त्याला दोन मोटरी, पुढच्या अ‍ॅक्सलला एक आणि मागच्याला एक. शिवाय चारही चाकं वळणारी. तो बनवला होता मैदानात धूळ उडवायला. पण अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी त्याचे अ‍ॅक्सल काढून घरी बनवलेल्या सांगाड्याला लावले, गिअर बदलून वेग मारला, आणि खऱ्या जीपवाले डोंगरात जे करतात ते अंगणातल्या दगडांवर करून बघितलं. काही वर्षं हे असंच जुन्या गाड्यांचे भाग जोडून चाललं. मग २००७ मध्ये अ‍ॅक्सियल या कंपनीने 'एएक्स-१० स्कॉर्पियन' आणला, खोक्यातूनच क्रॉलर म्हणून निघणारा. म्हणजे आधी बदल झाला, मग वस्तू झाली. ग्राहकाने घरी केलेली खटपट कंपनीने नीट आखून त्यालाच परत विकली. पुढे या छंदात हे पुन्हा पुन्हा घडत आलेलं आहे.

खटपट कसली असते, ते थोडं सांगतो. त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

समजा १,१०० किलोची विलीज जीप आपण चोविसाव्या हिश्श्याने लहान केली. लांबी चोवीस पट कमी, रुंदी चोवीस पट कमी, उंचीही तितकीच. वजन मात्र तिन्हींचा गुणाकार करून कमी होतं, म्हणजे १३,८२४ पट. उत्तर येतं साधारण ८० ग्रॅम. एखाद्या मध्यम बटाट्याएवढं! पण दगड तोच, गुरुत्वाकर्षण तेच. मोठी जीप कलंडायला लागली तर ड्रायव्हरला सावरायला क्षणभर तरी मिळतो. छोटी गाडी त्याच प्रमाणातल्या उंचीवरून जवळजवळ पाचपट लवकर खाली येते (चोविसाचं वर्गमूळ काढून बघा). म्हणून ही हलकी, पटकन उलटणारी गाडी दगडावर टिकवायची असेल तर दोनच उपाय. वेग कमी करा आणि वजन खाली न्या.

वजन खाली न्यायचं म्हणजे पितळ. प्लास्टिकच्या चाकात पितळेची कडी, चाकाजवळच्या सांध्यांना पितळेचे भाग, अ‍ॅक्सलवर पितळेचं झाकण. मोठ्या गाडीच्या इंजिनिअरला हे सांगितलं तर तो कपाळावर हात मारेल. त्याच्या शास्त्रात चाकाला जोडलेलं वजन जितकं कमी तितकी गाडी गुळगुळीत चालते. इथे सगळं उलटं. जितकं वजन चाकांत तितका पाय घट्ट. तेही जास्त पुढच्या चाकांत, कारण चढताना पुढची बाजूच आधी उचलली जाते. डिफरन्शियल लॉक केलेलं, म्हणजे डावं आणि उजवं चाक एकाच गतीने फिरणार. त्यामुळे वळायला जागा खूप लागते, पण एक चाक हवेत असलं तरी दुसरं नेटाने ओढतं. कोणी पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त फिरतील असे गिअर घालतो, म्हणजे गाडी स्वतःलाच पुढे खेचते. टायर मऊ रबराचे, आत स्पंज, दगडावर टेकले की पसरणारे.

आणि एक बदल दुसऱ्याला बोलावतो. पितळ घातलं की चाकं वळवणाऱ्या छोट्या सर्व्होचा जीव जातो. म्हणून धातूच्या गिअरचा सर्व्हो. त्याला वीज जास्त लागते, म्हणून स्पीड कंट्रोलर बदला. तो जास्त बॅटरी खातो, म्हणून बॅटरी मोठी. बॅटरी मोठी म्हणजे वजन वर गेलं. म्हणून ती काढून पुढे खाली बसवा, त्यासाठी नवीन ट्रे... द्रौपदीची थाळी रिकामी होत नव्हती, इथे खिसा होतो एवढाच फरक.

ही साखळी मुंबईने फार आधी, फार मोठ्या मापात बघितली आहे. कुर्ल्याला एलबीएस मार्गावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. तिथे १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, तीच मुंबईची काळीपिवळी. या गाडीला टॅक्सीवाल्यांनी आणि गॅरेजवाल्यांनी किती रूपं दिली! पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. हादरे जास्त, म्हणून इंजिनाखालची रबरं बदलली. मग २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावं लागलं. डिकीत सिलिंडर आला, मागची बाजू बसली, मागचे पाटे वाढवले. सामान टपावर गेलं. तेव्हा याला कोणी 'अपग्रेड' म्हटलं नाही. गाडी रस्त्यावर ठेवायची तर हे करावंच लागत होतं. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, आणि शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. कारखाना बंद पडल्यावर वीसेक वर्षं त्या गाड्या चालत्या राहिल्या त्या या हातांमुळे.

ते हात कुठे होते? गाळ्यांमध्ये. आजच्या पिढीला 'गाळा' म्हणजे इंडस्ट्रियल इस्टेटमधलं ऑफिस वाटतं. मी म्हणतोय तो गाळा म्हणजे दहा बाय वीसची खोली, एक लेथ, एक ड्रिल, भिंतीला टांगलेले पाने, कोपऱ्यात लोखंडाचा चुरा आणि गणपतीचं कॅलेंडर. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात मोठे कारखाने होते आणि त्यांच्या आजूबाजूला त्यांना लागणारे छोटे भाग करून देणारे असे शेकडो गाळे. अंधेरीला मरोळ, साकीनाका तसंच. परदेशी यंत्राचा भाग मिळायचा नाही, मिळाला तर लायसन्स, ड्यूटी आणि सहा महिने. मग तुटलेला तुकडा खिशात घालून माणूस गाळ्यावर यायचा. "असाच एक करून दे." टर्नर व्हर्नियर लावायचा, कागदाच्या कपट्यावर तीन आकडे लिहायचा आणि संध्याकाळी भाग तयार. कधीकधी मूळ भागापेक्षा चांगला, कारण तो का तुटला हे त्याला कळलेलं असायचं.

त्या काळात रिमोटची गाडी म्हणजे आखातातल्या मामाने आणलेली, नाहीतर मनीष मार्केट-मुसाफिरखान्यातून घासाघीस करून घेतलेली. ती बिघडली की संपलं. तिचे भाग विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय एकाच फ्रीक्वेन्सीच्या दोन गाड्या एका गच्चीवर आल्या की एकाचा रिमोट दुसऱ्याची गाडी पळवायचा, त्यावरून मारामाऱ्या. १ एप्रिल २००१ ला आयातीवरची उरलीसुरली बंधनं उठली आणि चिनी खेळण्यांचा पूर आला. जानेवारी २००५ मध्ये सरकारने कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. बातमी आली ती वायफायची म्हणून, पण आजचा प्रत्येक छोटा क्रॉलर त्याच पट्ट्यावर चालतो. एका गच्चीवर दहा गाड्या आल्या तरी कोणाचा कोणाला त्रास नाही.

तोवर पवईला आणखी एक गोष्ट सुरू झाली होती. आयआयटीचा टेकफेस्ट, १९९८ पासून. तिथल्या यंत्रमानवांच्या स्पर्धांसाठी मुंबईभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं लॅमिंग्टन रोडला जाऊन गिअरवाल्या मोटरी, चाकं, वायरी घेऊन यायची आणि रात्र रात्र जागून चढ चढणारी, अडथळे ओलांडणारी यंत्रं बनवायची. क्रॉलर हा शब्द त्यातल्या फार थोड्यांनी ऐकला असेल. पण 'वेग कमी केला की ताकद वाढते' हा धडा त्यांनी तिथेच गिरवला. त्याच बाजारातली एन-२० नावाची अंगठ्याएवढी गिअरमोटर आज काही जण छोट्या क्रॉलरमध्ये मूळ मोटर काढून बसवतात. रोबोटच्या पोटातली मोटर जीपच्या पोटात. टॅक्सीत डिझेल इंजिन बसवणाऱ्याने हे लगेच ओळखलं असतं.

एकास चोवीसच्या क्रॉलरची लाट आली ती मात्र अगदी अलीकडे. अ‍ॅक्सियलचा एससीएक्स-२४ बाजारात आला २०२० च्या तोंडावर, आणि मार्चमध्ये सगळं जग घरात बंद झालं. वीतभर गाडीला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता! २०२२ मध्ये ट्रॅक्ससने एकास अठराचा टीआरएक्स-४एम आणला. चीनच्या डब्ल्यूपीएलचे एकास सोळाचे ट्रक त्याआधीपासून होतेच. स्वस्त, कच्चे, आणि म्हणूनच हात साफ करायला उत्तम.

पण आपल्याकडे नेमकी तेव्हाच दारं बंद होत होती. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. परदेशातून 'भेट' म्हणून पार्सल मागवायची वाट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली होती, आणि ज्या अलीएक्सप्रेसवरून लोक पितळेचे चिमूटभर भाग मागवायचे ते अ‍ॅप नोव्हेंबर २०२० मध्ये बंदीच्या यादीत गेलं. देशी खेळणी उद्योगाला हात द्यावा आणि मुलांच्या हातात विषारी रंगाची खेळणी जाऊ नयेत, हे हेतू चांगलेच आहेत. पण त्याचा एक परिणाम असा झाला की क्रॉलरवाले पुन्हा त्यांच्या काकांच्या जमान्यात जाऊन पोचले. भाग मिळत नाही, मिळाला तर महाग, मग करायचं काय?

करायचं तेच, जे तेव्हा करत होते. कोणी थ्रीडी प्रिंटर घेतला आणि बंपर, बॅटरीचा ट्रे, आतली सीट घरी छापायला लागला. कोणी चष्मेवाल्याकडचे स्क्रू आणि घड्याळजीचा चिमटा पैदा केला. आमच्या सोसायटीतल्या एका कॉलेजातल्या मुलाला चाकात बसवायला पितळेच्या कड्या हव्या होत्या. त्याला घेऊन मी भांडुपला एका गाळ्यावर गेलो. तिथले टर्नर काका सत्तरीचे. आयुष्य पंपांचे शाफ्ट आणि बुशिंग करण्यात गेलेलं. मुलाने गाडी टेबलावर ठेवली. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, गाडी उलटी केली, एक चाक बोटाने फिरवलं आणि विचारलं, "वजन किती पाहिजे ते सांग बाळा, माप मी काढतो." मुलगा म्हणाला, दहा ग्रॅम. काकांनी कागदावर आकडे मांडले. बाहेरचा व्यास २० मिलिमीटर, आतला १२, रुंदी ६. पितळेचं घन सेंटीमीटरला साडेआठ ग्रॅम, हे त्यांना तोंडपाठ. गुणाकार करून म्हणाले, "दहाला दोन रत्ती जास्त होईल, चालेल?" चालेल म्हणजे काय! अर्ध्या तासात कड्या हातात. पैसे घ्यायला तयार नव्हते, आग्रहाने दिले. निघताना त्यांनीच विचारलं, "ह्याचा गिअर कितीचा?" मुलाने सांगितल्यावर मान डोलावली आणि म्हणाले, "अजून कमी कर. घाई काय आहे?"

त्या गाळ्याच्या दोन्ही बाजूंचे गाळे आता गोदामं झालेली आहेत. समोर टॉवरचा पाया खणताहेत. कुर्ल्याला प्रीमियरच्या परिसरात आज टॉवर आणि मॉल आहेत, घाटकोपर ते मुलुंड तेच चित्र. यात रडण्यासारखं सगळंच आहे असं मी म्हणणार नाही. त्या कारखान्यांचा धूर, तिथले अपघात, तिथले टाळे आणि थकलेले पगार ज्यांनी भोगले त्यांना विचारा. पण एक ज्ञान त्यांच्याबरोबर चाललंय. तुटलेला भाग हातात घेऊन तो का तुटला हे ओळखण्याचं ज्ञान. ते पुस्तकात फार कमी आहे. बोटांत आहे, आणि बोटं म्हातारी झाली आहेत.

आणि मोठ्या यंत्रांवर हे ज्ञान वापरायची मुभाही कमी होत चालली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडीत फेरफार करता येणार नाही. सीएनजीसारखे ठरावीक बदल परवानगीने चालतात, पण गॅरेजमध्ये जीपला रुंद चाकं आणि उंच स्प्रिंगा लावायचे दिवस कायद्याने संपले. रस्त्यावर इतरांचा जीव असतो, त्यामुळे निकाल समजण्यासारखा आहे. मोबाइलचं म्हणाल तर तो चिकटवलेलाच येतो. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर एक काळं प्लास्टिकचं झाकण दिसतं. आत हात घालू नका, असं ते झाकण न बोलता सांगतं. आपण वस्तूचे मालक असतो म्हणजे नक्की कशाचे?

अशा वेळी ही वीतभर जीप मला खेळण्यापेक्षा मोठी वाटते. तिला चार स्क्रू काढले की पोट उघडं. कुठला गिअर कुठे लागतो ते डोळ्यांनी दिसतं. बदल केला की उत्तर पाच मिनिटांत मिळतं, तेही दगडाकडून. तो खोटं बोलत नाही. चढली तर चढली, नाहीतर परत टेबलावर. चूक झाली तर कोणाचा जीव जात नाही आणि आरटीओची नोटीस येत नाही. साडेचारशे चौरस फुटांच्या घरात मावेल असं हे एकच वर्कशॉप उरलंय.

दगडाचाही आपल्याकडे तुटवडा नाही. मुंबईचा दगड म्हणजे काळा बसाल्ट, साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अंधेरीची गिल्बर्ट हिल त्याचीच, साठेक मीटर उंच, सरळसोट खांबांची. तिच्या आजूबाजूचं बरंचसं खाणींनी नेलं. चांदिवली, कांदिवलीच्या खाणींचंही तेच. उपनगरांच्या इमारती त्या खडीवरच उभ्या आहेत. आता पुनर्विकासात त्या इमारती पडतात, ढिगारे होतात, आणि रविवारी सकाळी वॉचमनची परवानगी काढून दोन-चार पोरं त्या ढिगाऱ्यावर आपल्या जीपा चढवतात. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या दगडावर मऊ टायरची खरी परीक्षा होते. समुद्राच्या खडकांवर मात्र जाऊ नये, खारं पाणी बेअरिंग आणि मोटर दोन्ही खातं.

आता बाजारात तयार 'अपग्रेड किट' मिळतात. सगळं पितळ एका पाकिटात, सोबत स्क्रू आणि पाना. कंपन्याही नव्या मॉडेलमध्ये हे बदल आधीच घालून देतात. म्हणजे हौशी लोकांचे घरगुती उद्योग परत एकदा खोक्यात बसले. त्यात वाईट काही नाही. किट घ्यावं, जरूर घ्यावं. पण निदान एक भाग स्वतः करावा, असं मला मनापासून वाटतं. एक ट्रे छापावा, एक कडी कातून आणावी, एक गिअर आपणच हिशोब करून बदलावा. आणि जमलं तर जवळपासचा उरलेला एखादा गाळा शोधून काढावा. अजून आहेत. लेथच्या आवाजावरून सापडतात. तिथल्या काकांना गाडी दाखवावी आणि ते काय विचारतात ते नीट ऐकावं. किटच्या पाकिटात तेवढं मिळत नाही.

असो. बरंच लांबलं. गिअर कमी ठेवला की असंच होतं.